पानावरची फवारणी आणि भुईतली ओल

बालाघाटच्या डोंगरात वसलेले कपिलधार मन्मथस्वामींच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. कार्तिक पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. भोवतालच्या कोरडवाहू रानांत तेव्हा रब्बी ज्वारी वाढीला लागलेली असते आणि तिची खरी कसोटी यात्रेनंतर सुरू होते. परतीच्या पावसाने जमिनीत मुरवलेल्या ओलीवरच तिला पोटरी, फुलोरा आणि दाणा भरणे हे टप्पे गाठायचे असतात. डोंगरउतारावरच्या मुरमाड जमिनीत ही ओल लवकर सरते.

अशा वेळी 13:0:45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, फवारण्याचा सल्ला दिला जातो. मी कृषी पदवीधर नाही. त्यामुळे या सल्ल्यामागचे कारण मला मुळापासून समजून घ्यावे लागले.

पानावरील प्रत्येक सूक्ष्म रंध्राला दोन रक्षकपेशी असतात. त्यांत पालाश शिरले की पाणीही शिरते, पेशी फुगतात, रंध्र उघडते. पालाश बाहेर पडले की ते मिटते. पालाश कमी पडले, तर ही उघडझाप मंदावते आणि पाणी वाया जाते. जमिनीत पालाश असले तरी मुळे ते पाण्यातूनच घेतात. वरचा थर सुकला की ती वाट अडते. म्हणून पानाची वाट. केओलिनच्या फवारणीचे काम निराळे: ही पांढरी माती ऊन परतवते आणि पान कमी तापते.

आता हिशोब पाहू. एक टक्का द्रावण म्हणजे 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम खत. एकरी 200 लिटर द्रावण धरले, तर खत 2 किलो लागते. त्यातून पालाश मिळते 900 ग्रॅम आणि नत्र 260 ग्रॅम. पण ते 200 लिटर पाणी एकरभर पसरले, तर त्याचा थर भरतो मिलिमीटरचा विसावा भाग. उलट 10 मिलिमीटरची एक सर एकरावर 40 हजार लिटर पाणी टाकते.

म्हणजे फवारणी पाणी देत नाही. असलेले पाणी जपायला मदत करते. ओल शिल्लक असताना, पोटरीच्या सुमारास, सकाळी किंवा सायंकाळी केली तरच तिला अर्थ आहे. पाने करपल्यावर विकत घेतलेली महागडी बाटली कडबाही वाचवत नाही. उताराला आडवी पेरणी, वेळेवर कोळपणी आणि जमले तर शेततळ्यातले एक संरक्षित पाणी, यांचा मान पहिला. फवारणीचा नंबर त्यांच्यानंतर.