व्हेनिसच्या खाणावळीतली मासळी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कालव्याच्या कडेला चार टेबले मांडलेल्या साध्या खाणावळीला व्हेनिसमध्ये त्रात्तोरिया म्हणतात. शहरच पाण्यात वसलेले, तेव्हा ताटातला मासा आज सकाळीच समोरच्या पाण्यातून निघाला असणार, असे पर्यटक धरून चालतात. वास्तविक रिआल्तोचा मासळी बाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो. ब्रांझिनो आणि ओराता हे मेनूवर हमखास दिसणारे मासे बहुतेक वेळा मत्स्यशेतीतून येतात. मेनूवर ‘अल्लेवातो’ लिहिले असेल तर मासा पाळलेला आणि ‘पेस्कातो’ असेल तर समुद्रातून धरलेला. खाडीची खरी ओळख वेगळीच आहे: वसंतात आणि शरदात कात टाकल्यावर मऊ पडलेले छोटे खेकडे. ‘मोएके’ नावाचे हे खेकडे अख्खेच तळतात आणि कवचासकट खातात.

मेनूवर पदार्थाच्या नावापुढे बारीक चांदणी असते आणि खाली तळाशी ‘गोठवलेले’ अशी टीप असते. ही चांदणी म्हणजे निकृष्ट मालाची कबुली नव्हे. इटलीत गोठवलेला माल न सांगता वाढणे हा फसवणुकीचा गुन्हा ठरू शकतो, म्हणून ती छापतात. उलट, कच्चा किंवा नुसता लिंबात मुरवलेला समुद्री मासा वाढायचा असेल तर तो आधी गोठवलाच पाहिजे, असा युरोपीय संघाचा नियम आहे: उणे २० अंशांवर किमान २४ तास. त्याने माशातले अनिसाकिस हे परजीवी कृमी मरतात. त्यामुळे कच्च्या माशापुढची चांदणी दिलासाच देते.

व्हेनिसचा लाडका पदार्थ ‘बाक्कला मान्तेकातो’ तर ज्या माशाचा होतो, तो कॉड एड्रियाटिक समुद्रात मिळतच नाही. १४३१ मध्ये पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी क्रीटहून फ्लँडर्सकडे निघाला. वादळात जहाज गेले आणि वाचलेले मोजके लोक नॉर्वेच्या लोफोतेन बेटांना लागले. तिथे लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात वाळणारा कॉड त्यांनी पाहिला. आपल्याकडे बोंबील वाळतात तसाच, फक्त उन्हाऐवजी थंडीत. तो सुका मासा क्वेरिनीने सोबत आणला, असे व्हेनिसमध्ये मानतात. इटलीत इतरत्र ‘बाक्कला’ म्हणजे खारवलेला कॉड. व्हेनिसकर मात्र मीठ न लावता वाळवलेल्यालाच त्या नावाने ओळखतात. भिजवून, शिजवून, तेलाची धार सोडत तो लोण्यासारखा होईपर्यंत घोटतात.

सुरुवातीचा पदार्थ, मग पास्ता, मग मासा, हा क्रम पुरा केलाच पाहिजे असेही नाही. तिसऱ्यांची स्पगेटी तेवढी घेऊन उठले तरी चालते. तिच्यावर चीज मागितले की वाढपी नाही म्हणतो, कारण चीजने तिसऱ्यांची खारट चव दबते. पण हा अख्ख्या देशाचा नियम नव्हे. दक्षिणेत शिणाण्यांच्या पास्त्यावर पेकोरिनो चीज घालतात.

सर्वाधिक वाद होतात ते बिलावरून. अख्ख्या माशापुढचा आकडा बहुधा ताटाचा नसतो, तो एका ‘एत्तो’चा, म्हणजे १०० ग्रॅमचा असतो, आणि वजन धरतात ते कच्च्या माशाचे, डोके-काट्यांसकट. समजा मेनूवर ७ युरो लिहिले आहे आणि मासा ६०० ग्रॅमचा निघाला, तर बिल ४२ युरो. मासा भाजण्याआधी टेबलाशी आणून दाखवायला आणि वजन सांगायला सांगणे हा ग्राहकाचा साधा हक्क आहे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. माणशी लावलेला ‘कोपेर्तो’ हा पाव आणि टेबलाच्या मांडणीचा आकार आहे. तो मेनूवर छापलेला असेल तर व्हेनिसमध्ये तो घेण्यात गैर काही नाही. ती बक्षिसी नव्हे. सेवेचा आकार ‘सेर्वित्सिओ’ या नावाने वेगळा लावतात, आणि तो बिलात आला असेल तर वर टिप ठेवण्याची अपेक्षा नसते.