घरातल्या घरात सायकल, पण कोणती?

मैत्रिणींनो, एप्रिल-मेमध्ये आपल्या बीड-परळीकडे पारा चाळिशी ओलांडतो. पहाट डब्यांत आणि पाणी भरण्यात जाते, मग फिरायला जायचं कधी? म्हणून हल्ली ट्रेनर नावाचा स्टँड घ्यावासा वाटतो. लोखंडी चौकटीत सायकलचं मागचं चाक अडकवायचं, टायर एका रुळावर टेकतो, पायडल मारा, सायकल जागच्या जागी!

दुकानदार लगेच नवी गिअरची सायकल दाखवील. थांबा. आधी अंगणातली पाहा. लेक लातूरला शिकायला गेली आणि तिची शाळेची सायकल धूळ खात पडलीय, असं कितीतरी घरांत आहे. ती चालेल का, हे रंगावर नव्हे, मागच्या चाकावर ठरतं बरं का!

टायरच्या कडेला आकडा असतो. बहुतेक स्टँड २६ इंचांपासून पुढच्या चाकांचे. २४ इंची चाक रुळापर्यंत पोचतच नाही कधी कधी. मग आस पाहा. स्टँडचा चिमटा आसाची दोन्ही टोकं पकडतो. आपल्या साध्या सायकलींना तिथं मोठे नट, त्यातच कॅरिअरच्या पट्ट्या आणि घोडी कसलेली. हे सगळं काढावं लागतं, शिवाय चिमट्यात बसणारे निराळे नट लागतात. सायकलवाल्याकडे स्टँडच घेऊन जा, बसवून पाहा, मगच पैसे द्या. टायर गुळगुळीत हवा. खाचाखाचांचा असेल तर अशी घरघर होते, की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतील!

गिअर नसले तरी बिघडत नाही, रूळ जड-हलका करता येतो. सीट मात्र नीट लावा: पायडल सर्वांत खाली असताना टाच टेकली की पाय सरळ व्हावा. सीट खाली राहिली, तर गुडघ्यांवर ताण येतो.

आणि एक. लेक रोज त्याच सायकलवर शाळेत जात असेल, तर तिला हात लावू नका. रोज काढघाल आठ दिवसांत बंद पडेल, आणि तिची शाळा आपल्या व्यायामापेक्षा मोठी. अशा वेळी जुनी २६ इंची शोधा, नाहीतर व्यायामाची तयार सायकलच घ्या. दोन्हींचा खर्च कागदावर मांडून पाहा.

बसताना पदर, ओढणी खोचून घ्या. लहान मूल घरात असेल तर दार लावून घ्या, फिरत्या तारांत बोट जायला वेळ लागत नाही.