आजी-आजोबांसाठी कॅमेरा घेताना

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. ४ बाय ६ इंचांचा नेहमीचा फोटो छापायला २ मेगापिक्सेलच्या जरासं वर पुरतं, ८ बाय १२ ला साधारण ९.

खरी परीक्षा हातांची. दुकानात त्यांनाच घेऊन जा. माझ्या मावशीच्या बोटांना संधिवात आहे. गुळगुळीत, चपटा कॅमेरा तिच्या हातातून निसटायचा. उजवीकडे बोटं रोवायला उंचवटा असलेला मिळाला, मनगटात दोरी अडकवली, तेव्हा कुठे ती निर्धास्त झाली. हात थरथरत असेल तर ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनसाठी चार पैसे जास्त मोजा. झूमही ऑप्टिकलच हवा. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं.

पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा सोयीचा, कारण सेल कुठल्याही वाण्याकडे मिळतात. मात्र साधे स्वस्त सेल पटकन बसतात. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल घ्या. कॅननच्या पॉवरशॉट ए१३०० (२०१२) मध्ये असे दोन सेल लागतात, शिवाय डोळा लावून बघायची खिडकी आहे. भर उन्हात स्क्रीन दिसेनासा होतो, तेव्हा ती फार उपयोगी. आता तो जुन्या बाजारातच शोधावा लागेल.

फार जुना कॅमेरा घेत असाल तर कार्ड तपासा: काहींना २ जीबीपेक्षा मोठं कार्ड वाचताच येत नाही. कार्डाच्या कडेची चिमुकली कळ ‘लॉक’कडे सरकली तर फोटो साठवला जात नाही, हेही त्यांना दाखवून ठेवा.

आणि काढलेले फोटो छापून त्यांच्या हातात द्या.