अवधाण का येते? शरीरातील लसीकेचे पाट व त्यांची राखण

मृगाचा पाऊस लागला की मालवणच्या किनारपट्टीवर नांगरणी, चिखलणी व भातलावणी यांची घाई उडते. दिवसचे दिवस पाय चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, काट्याने टाच फाटते, आणि दोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का व्हावे?

लसीकेचा मार्ग

रक्त केशवाहिन्यांतून वाहत असता त्यातील पातळ द्रव पाझरून पेशींभोवती येतो. त्याचा बराचसा भाग रक्तात परततो. उरलेला द्रव, दिवसाकाठी सुमारे ३ लिटर, दुसऱ्या नाजूक नळ्या गोळा करतात. या द्रवास लसीका व नळ्यांस लसीकावाहिन्या म्हणतात. शेवटी लसीका मानेच्या तळाशी मोठ्या शिरांत मिळते.

रक्त लोटण्यास हृदय आहे. लसीकेस तसा पंप नाही. वाहिन्यांचे आकुंचन, हातापायांच्या स्नायूंची हालचाल व श्वासोच्छ्वास यांमुळे ती पुढे सरकते. ती मागे फिरू नये म्हणून वाहिन्यांत झडपा असतात. खारबंधाऱ्याची उघाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे सहज कळेल. ओहोटीस शेतातील पाणी बाहेर जाते. भरतीचे पाणी दाबू लागताच दारे मिटतात.

ग्रंथींतील पहारा

वाटेत जांघ, काख, मान इत्यादी ठिकाणी लसीका ग्रंथी आहेत. जखमेतून शिरलेले जंतू लसीकेबरोबर तेथे पोहोचतात व अडविले जातात. ग्रंथींतील काही पांढऱ्या पेशी जंतुविरोधी प्रतिपिंडे तयार करतात, तर काही रोगग्रस्त पेशींचा नाश करतात. या लढ्यात पेशींची संख्या वाढून ग्रंथी सुजते. हेच अवधाण. काही पेशी त्या जंतूची ओळख लक्षात ठेवतात. लस टोचण्याचा उपयोग याच गुणामुळे होतो.

म्हणून अवधाण डागू नये, चोळू नये व कापू नये. मूळ जखमेवर उपचार करावा. गाठ दोन-तीन आठवड्यांत न ओसरल्यास किंवा जखमेवाचून आल्यास डॉक्टरांस दाखवावी. लावणीच्या दिवसांत ताप व तीव्र अंगदुखी असल्यास लेप्टोस्पायरोसिसचा संभव असतो. असा ताप अवधाणाचा समजून अंगावर काढू नये.

उघाडी मोडते तेव्हा

राज्यातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत सिंधुदुर्गाची गणना झालेली आहे. या रोगाचे सुतासारखे कृमी क्युलेक्स डासांमार्फत शरीरात येतात व लसीकावाहिन्यांत कित्येक वर्षे राहतात. वाहिन्या फुगून झडपा मिटेनाशा होतात, द्रव साचतो व पाय सुजतो. साचलेल्या पाण्याच्या शेतात पीक कुजते, तसेच अशा पायात चिखल्यांतून शिरलेले जंतू फोफावतात. वरचेवर थंडीताप येतो आणि प्रत्येक वेळी सूज वाढते.

देशात हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला आणि २००४ पासून सामुदायिक औषधोपचाराची मोहीम हाती घेण्यात आली. गोळ्यांनी रक्तातील कृमींची पिले मरतात व प्रसार थांबतो. परंतु जुनाट सूज त्यांनी पूर्ववत होत नाही. यास्तव आधीच दक्षता घेणे हिताचे.

काय करावे?

१. शेतातून येताच पाय साबण व स्वच्छ पाण्याने धुवावेत. बेचक्या कोरड्या कराव्यात. चिखल्यांवर डॉक्टरांच्या सल्ल्याने मलम लावावे.

२. सूज असल्यास बसता-निजताना पाय उंचावर ठेवावा व घोटा वरचेवर हलवावा.

३. गटारे वाहती ठेवावीत. सोडणे भिजत घातलेले खड्डे व शौचालयाच्या टाक्या यांत डास होऊ देऊ नयेत. वायुनळीस जाळी बांधावी.

४. मोहीम जाहीर होईल तेथे गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले व गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत.

५. कृमींची पिले बहुधा रात्रीच हातापायांच्या रक्तात उतरतात. म्हणून रात्री रक्त तपासण्यास पथक आल्यास त्यास सहकार्य करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुजलेल्या पायाचा रोगी लाजेने घरात दडून राहणार नाही, हे पाहावे. त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे व पाय धुण्याची रीत घरच्यांसमक्ष दाखवावी. पावसाळ्यापूर्वी बांध व उघाडी तपासणारा शेतकरी आपल्या पायांचीही तितकीच निगा राखील, तर पुष्कळ दुःख टळेल.