कर्करोग-प्रतिकार व उपचारांत 'बी' पेशींचे स्थान : मुंबईतील संशोधनाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात प्रतिकारशास्त्र शिकविताना एक सोयीची विभागणी केली जाते : 'टी' पेशी रोगग्रस्त पेशींना मारतात आणि 'बी' पेशी प्रतिपिंडे तयार करतात. परिणामी कर्करोगाच्या चर्चेत 'बी' पेशी मागे पडतात. मात्र गेल्या तीन दशकांतील उपचार पाहता ही विभागणी अपुरी ठरते. 'बी' पेशी कधी कर्करोगाचे उगमस्थान असतात, कधी उपचारांचे लक्ष्य, तर कधी प्रतिकारातील भागीदार. अँटॉप हिलपासून काही किलोमीटरवर परळ येथे १९४१ पासून कार्यरत असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा या संशोधनाशी निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात या तिन्ही भूमिकांचा परामर्श घेतला आहे.

उगमस्थान

मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनी १९६५ मध्ये कोंबड्यांवरील प्रयोगांतून लसिकापेशींचे दोन स्वतंत्र वंश दाखवून दिले. पक्ष्यांतील 'बर्सा' या अवयवावरून 'बी' हे अक्षर रूढ झाले. मानवात या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. असंख्य प्रतिजनांना पुरे पडतील इतकी विविध प्रतिपिंडे निर्माण व्हावीत म्हणून त्या स्वतःची जनुके तोडतात, जोडतात व बदलतात. याच प्रक्रियेत दोष उद्भवल्यास पेशींची अनिर्बंध वाढ सुरू होऊ शकते. बहुतांश लिंफोमा हे 'बी' पेशींचेच कर्करोग होत.

उपचारांचे लक्ष्य

'बी' पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-२० व सीडी-१९ ही प्रथिने असतात. सीडी-२० ला चिकटणाऱ्या रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. २००७ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची समरूप आवृत्ती भारतात आणली.

पुढील टप्पा कार-टी उपचाराचा. यात रुग्णाच्याच 'टी' पेशी काढून त्यांत सीडी-१९ ओळखणारा कृत्रिम ग्राही जनुकीय तंत्राने बसविला जातो व त्या पुन्हा शरीरात सोडल्या जातात. पवईच्या आयआयटी मुंबईतील डॉ. राहुल पुरवार यांचा गट व टाटा मेमोरियल केंद्र यांच्या सहकार्याने असा देशी उपचार विकसित झाला. जून २०२१ मध्ये केंद्राच्या खारघर येथील 'अॅक्ट्रेक' संस्थेत तो प्रथम दिला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार-१९' या नावाने त्यास मान्यता मिळाली. २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या ६४ रुग्णांच्या चाचणीत, परिणाम मोजता आलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. अमेरिकेतील अशा उपचाराच्या साधारण एक-दशांश खर्चात तो उपलब्ध झाला असला, तरी सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने हा खर्च अजूनही लाखांच्या घरात आहे.

सीडी-१९ निरोगी 'बी' पेशींवरही असते. म्हणजे रोगट पेशींबरोबर निरोगी पेशीही नष्ट होतात. तरीही रुग्ण जगू शकतो, कारण रक्ताच्या मूळ पेशींवर हे प्रथिन नसते. शिवाय दीर्घायुषी प्रतिपिंडजनक पेशींपैकी अनेकींवर ते नसल्याने जुन्या संसर्गांविरुद्धची काही प्रतिपिंडे टिकून राहतात. नव्या संसर्गांचा धोका मात्र वाढतो व काही रुग्णांना बाहेरून प्रतिपिंडे द्यावी लागतात.

प्रतिकारातील भागीदार

घन अर्बुदांमध्ये चित्र वेगळे दिसते. जानेवारी २०२० मध्ये 'नेचर'मध्ये एकाच वेळी तीन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्वचेचा मेलानोमा, मूत्रपिंडाचा कर्करोग व सार्कोमा यांच्या अर्बुदांत 'बी' पेशींनी समृद्ध, लसिकाग्रंथीसारख्या रचना आढळल्यास रुग्ण प्रतिकार-उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देतात, असे त्यांतून दिसून आले. अशा रचनांत 'बी' पेशी 'टी' पेशींना प्रतिजन सादर करतात व अर्बुदाविरुद्ध प्रतिपिंडांची निर्मिती घडवितात. याउलट काही नियामक 'बी' पेशी इंटरल्यूकिन-१० स्रवून प्रतिकार मंदावतात. म्हणजेच पेशींच्या संख्येइतकेच त्यांचे प्रकार व स्थान महत्त्वाचे असते.

समारोप

'बी' पेशी नष्ट कराव्यात की जोपासाव्यात, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. रक्ताच्या कर्करोगात त्यांचा नाश हाच उपचार ठरतो, तर घन अर्बुदात त्यांची उपस्थिती उपकारक ठरू शकते. वर्गात 'बी' पेशींची ओळख केवळ प्रतिपिंडांचा कारखाना म्हणून करून दिल्यास आपल्याच शहरात घडलेल्या उपचाराचे मर्म विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणार नाही. म्हणून अध्यापनात ही तिहेरी भूमिका एकत्रित मांडणे अगत्याचे आहे.