फोटोसाठी प्रिंटर घेताना

शाळेचा फॉर्म असो की बँकेचं खातं, फोटो लागतोच. पिंपरी पेंढारहून ओतूर-आळेफाट्याला फेरी मारण्यापेक्षा गटानेच प्रिंटर घ्यावा, असा विचार मनात येतो. पण पैसा बचतीचा आहे. म्हणून आज आम्ही प्रिंटर कसा निवडायचा ते सांगणार आहोत.

इंकजेट प्रिंटर अगदी बारीक छिद्रांतून कागदावर शाई उडवतो. ही छिद्रं असलेल्या भागाला हेड म्हणतात. प्रिंटर पडून राहिला की शाई वाळते, छिद्रं बुजतात आणि फोटोवर रेघा येतात. म्हणून आधी हे ठरवा: आठवड्याला निदान एक-दोन रंगीत फोटो निघतील का? नसतील, तर प्रिंटर न घेतलेलाच बरा.

काम असेल, तर टाकीचा प्रिंटर पाहा. एप्सन, कॅनन, एचपी, ब्रदर या कंपन्यांचे असे प्रिंटर मिळतात. कार्ट्रिजचा प्रिंटर घेताना स्वस्त वाटतो, पण कार्ट्रिज लवकर संपते. टाकीत बाटलीतली शाई ओततात, त्यामुळे फोटोमागे खर्च कमी येतो. खोक्यावर हजारो पानांचा आकडा असतो, तो साध्या पानांचा. फोटोत सगळा कागद रंगतो, तेव्हा शाई कितीतरी जास्त लागते.

दुकानात जाताना मोबाईलमध्ये आपल्या माणसाचा फोटो न्या. तो चार बाय सहा इंचाच्या चकचकीत कागदावर काढायला सांगा. चेहऱ्याचा रंग खरा दिसतो का, केसांत रेघा आहेत का, ते उजेडात पाहा. मग विचारा: वॉरंटीत हेड येतं का? हेड बिघडलं तर घरी बदलता येतं का? दुरुस्ती जवळ होते, की पुण्याला न्यावं लागतं? शाई कायम मिळेल का?

हिशोब असा करा. चार बाय सहाच्या एका कागदावर पासपोर्टचे आठ फोटो बसतात. समजा, कागद, शाई आणि वाया जाणारं धरून बारा रुपये खर्च आला आणि आठ फोटोंचे चाळीस घेतले, तर अठ्ठावीस उरले. वीज आणि काम करणाऱ्या बाईची मजुरी त्यातूनच द्यायची.

प्रिंटर नेहमी त्याच्या बटणानेच बंद करा, म्हणजे हेड झाकलं जातं. भिंतीवरचं बटण एकदम बंद केलं किंवा वीज गेली, तर ते उघडं राहू शकतं. वीज आली की प्रिंटर चालू करून नीट बंद करा. धूळ बसू नये म्हणून वर कापड टाका.

पुढच्या बैठकीत आधी महिन्याला किती फोटो लागतात ते मोजा, मगच दुकानाची पायरी चढा.