स्ट्रॉबेरीचोर

मुलांनो, आपल्या मॉरिशसमध्ये लिची पिकू लागली की लोक झाडांवर जाळी टाकतात. का बरे? वटवाघळे आणि पाखरे फळे खाऊन टाकतात म्हणून! दूर इंग्लंडमधल्या एका बागेतही असेच होत असे. तेथे पाखरे स्ट्रॉबेरी पळवत. तेथे राहणाऱ्या गृहस्थांनी मात्र त्या चोरांना शिक्षा केली नाही. त्यांनी त्यांचे चित्र काढले आणि ते कापडावर छापले. या गृहस्थांचे नाव होते विल्यम मॉरिस.

मॉरिस यांचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळच्या वॉल्थमस्टो या गावी झाला. लहानपणी त्यांना रानावनात भटकायला फार आवडे. पाने, फुले, पाखरे ते बारकाईने पाहत. मोठेपणी त्यांनी चित्रकार व्हायचे ठरवले. १८५८ साली त्यांनी एक तैलचित्र काढले. ते आज लंडनच्या टेट कलासंग्रहालयात आहे. पण पुढे त्यांचे मन दुसरीकडे वळले. घरातले पडदे, गालिचे, खुर्च्या अशा रोजच्या वस्तूही सुंदर असाव्यात, असे त्यांना वाटू लागले. १८६१ साली त्यांनी मित्रांबरोबर अशा वस्तू बनवणारी संस्था काढली.

त्यांच्या घराच्या बागेत लाकडी ताटीवर गुलाबाचे वेल चढवलेले होते. ते पाहून १८६२ साली त्यांनी भिंतीला लावायच्या कागदासाठी नक्षी काढली. वेल, पाने, फुले त्यांनी स्वतः काढली. पण पक्षी आपल्याला नीट जमत नाहीत, असे त्यांना वाटे. म्हणून त्या नक्षीतले पक्षी त्यांचे मित्र फिलिप वेब यांनी काढून दिले.

१८७१ पासून मॉरिस थेम्स नदीजवळच्या केल्म्स्कॉट या खेड्यात एका जुन्या घरात राहायला जात. घराच्या बागेत स्ट्रॉबेरीचे वाफे होते. फळे लाल झाली की थ्रश नावाचे पक्षी तेथे येत. थ्रश हा तपकिरी पाठीचा, छातीवर ठिपके असलेला, गोड गाणारा पक्षी आहे. वाफे झाकले, तरी हे चोर फळे पळवतच! माळी वैतागून म्हणे, यांच्या माना मुरगळायला हव्यात. पण मॉरिस यांनी त्याला बजावून सांगितले, की बागेतल्या एकाही पक्ष्याला हात लावायचा नाही. ही आठवण त्यांची मुलगी मे हिने पुढे लिहून ठेवली आहे.

पहाटे उठून मॉरिस त्या पाखरांची चोरी पाहत बसत. त्यातूनच त्यांना नवी नक्षी सुचली. या वेळी पक्षी त्यांनी स्वतःच काढले. काही पक्ष्यांच्या चोचीत स्ट्रॉबेरी आहे, तर काही चोच उघडून गात आहेत. भोवती पाने, फुले आणि लाल फळे आहेत. नक्षीची डावी बाजू उजव्या बाजूसारखीच दिसते, जणू मध्ये आरसा ठेवला आहे. या नक्षीचे नाव त्यांनी ‘स्ट्रॉबेरीचोर’ असेच ठेवले.

चित्र तयार झाले, पण ते कापडावर आणणे सोपे नव्हते. त्या काळी कारखान्यांत नवे रासायनिक रंग आले होते. त्यांतले बरेच रंग लवकर विटत. म्हणून मॉरिस यांनी वनस्पतींपासून मिळणारे जुने रंग वापरायचे ठरवले. ते स्वतः रंगाऱ्यांकडे जाऊन काम शिकले. नीळ कालवता कालवता त्यांचे हात निळे होऊन जात. नीळ ही एका झुडपाच्या पानांपासून बनते. त्या काळी इंग्लंडमध्ये ती मुख्यतः हिंदुस्थानातून येत असे. निळीच्या पिंपात बुडवलेले कापड बाहेर काढले, की प्रथम हिरवट-पिवळे दिसते. हवा लागताच ते निळे होते.

१८८१ साली मॉरिस यांनी लंडनजवळ मर्टन येथे वॉन्डल नदीकाठी कारखाना सुरू केला. तेथे सगळे कापड आधी गडद निळे रंगवत. मग लाकडी ठशांनी त्यावर रंग घालवणारे द्रव्य छापत. ते तीव्र असले, की तेथे कापड पांढरे होई. सौम्य असले, की फिकट निळे होई. त्यानंतर मंजिष्ठेच्या जातीच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग आणि दुसऱ्या एका रोपापासून पिवळा रंग चढवत. निळ्यावर पिवळा पडला, की पाने हिरवी होत. प्रत्येक रंगानंतर कापड धुवावे लागे. या कामाला कित्येक दिवस लागत.

अखेर १८८३ साली ‘स्ट्रॉबेरीचोर’ तयार झाले. या पद्धतीने निळ्या-पांढऱ्या कापडावर लाल आणि पिवळा रंगही आणण्यात मॉरिस यांना प्रथमच यश आले. मेहनत खूप, म्हणून कापड महाग होते. तरीही लोकांनी ते आवडीने घेतले आणि घरात त्याचे पडदे लावले.

मुलगी मे हिनेही बापाची कला पुढे चालवली. १८८५ साली, अवघ्या तेवीस वर्षांची असताना, ती संस्थेच्या भरतकाम विभागाची प्रमुख झाली.

३ ऑक्टोबर १८९६ रोजी मॉरिस वारले. पण त्यांचे ते पक्षी आजही लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातल्या कापडावर स्ट्रॉबेरी खात आहेत. माळ्याचे ऐकले असते, तर थोडी फळे वाचली असती. पण हे सुंदर कापड कधीच झाले नसते.

मुलांनो, तुमच्या अंगणातही पाने, फुले आणि पाखरे आहेत. एखादे पान हातात घ्या. त्याच्या शिरा नीट पाहा आणि कागदाच्या अर्ध्या भागावर त्याचे चित्र काढा. मग दुसऱ्या अर्ध्या भागावर तसेच, पण उलट बाजूने काढा. पाहा, तुमचीही नक्षी तयार होईल!